बळाचे औषध आणि तुटणारी कंडरा

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवविज्ञान मंडळापुढे शार्ल ब्राउन-सेकार हे ७२ वर्षांचे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ बोलावयास उभे राहिले. कुत्र्यांच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता. त्यानंतर आपण जिने पळत चढतो, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहू शकतो आणि हाताने पूर्वीपेक्षा सहा-सात किलो अधिक वजन उचलतो, असे त्यांनी सांगितले. सांगणारा माणूस मोठा होता. मज्जारज्जूवरील त्यांचे काम आजही वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. त्यामुळे युरोप-अमेरिकेत अशा अर्कांचा बाजार सुरू व्हायला वेळ लागला नाही.

गंमत अशी, की त्या अर्कात बळ वाढवील असे काही नव्हतेच. वृषणातील संप्रेरक पाण्यात फारसे विरघळत नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच कृतीने अर्क तयार करून मोजला, तेव्हा त्यात संप्रेरक इतके अल्प निघाले की त्याचा परिणाम होणे शक्य नव्हते. म्हणजे ब्राउन-सेकार यांना जे जाणवले ते अपेक्षेचे फळ होते. बळाच्या औषधांच्या इतिहासाचा प्रारंभ असा एका प्रामाणिक भ्रमातून झाला. खरे औषध हाती यायला पुढे सेहेचाळीस वर्षे लागली.

वृषणातून काहीतरी रक्तात उतरते आणि शरीरभर परिणाम घडवते, हे मात्र त्याआधीच दिसले होते. १८४९ साली गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ट यांनी कोंबड्यांच्या पिलांचे वृषण काढले आणि त्यांपैकी काहींच्या पोटात ते पुन्हा बसवले. मज्जातंतूंचा जुना संबंध तुटला असतानाही अशा पिलांना तुरा आला आणि ती आरवू लागली. १९३१ साली आडोल्फ बुटेनांट यांनी हजारो लिटर मानवी मूत्रातून जेमतेम १५ मिलिग्रॅम पुरुषसंप्रेरक वेगळे केले. १९३५ साली ॲम्स्टरडॅमला एर्न्स्ट लाक्यूर यांच्या गटाने बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम स्फटिक मिळवले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत, कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करून, तयार केले. दोघांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. नाझी सरकारच्या दडपणामुळे बुटेनांट यांना ते त्या वेळी स्वीकारता आले नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स कोचाकियन यांना असे दिसले, की हे संप्रेरक दिलेल्या कुत्र्यांच्या मूत्रातून नायट्रोजन कमी बाहेर पडतो. नायट्रोजन शरीरात राहतो याचा अर्थ प्रथिने साठतात, म्हणजेच ऊती बांधल्या जातात. 'ॲनाबॉलिक' या शब्दाचा अर्थ इतकाच, बांधणी करणारे. दीर्घ आजाराने किंवा भाजल्याने खंगलेल्या रुग्णांना याचा उपयोग होईल अशी वैद्यांची आशा होती आणि ती अगदीच खोटी ठरली नाही.

युरोपातील प्रयोगशाळांत हे चालले होते तेव्हा आपल्याकडे बळाची उपासना वेगळ्या वाटेने भरात आली होती. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले. मराठी राजवटीच्या बडोद्यात प्रा. माणिकराव जुम्मादादा व्यायाम मंदिर चालवीत. त्यांची ख्याती जितकी व्यायामशिक्षक म्हणून, तितकीच निखळलेली हाडे बसवणारे म्हणून होती. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत काढला. एवढा खटाटोप एकट्या व्यायामावर करणाऱ्या भाषा फार नसतील.

तालमीत दुखापत ही रोजची बाब. वस्तादाची रीत साधी होती. मुरगळले की लढत बंद, मग तेल, मालीश, हळदीचा लेप आणि हाडवैद्य. यातल्या सगळ्याच गोष्टी आजच्या वैद्यकाला मान्य होतील असे नाही. नुकत्याच फाटलेल्या स्नायूवर जोराची मालीश केल्यास रक्तस्राव वाढतो, आणि मोडलेले हाड ओढाताणीने कायमचे बिघडू शकते. पण या पद्धतीत एक गोष्ट बरोबर होती. दुखणे हा थांबण्याचा इशारा मानला जात होता आणि पठ्ठ्याने थांबायचे की नाही हे वस्ताद ठरवीत असे. जोर-बैठकांची संख्याही वर्षानुवर्षे हळूहळू वाढे. त्यामागचे कारण कुणी सांगितले नसेल, पण ते होते. ते पुढे पाहू.

दुखापत काय करू शकते याचे आपल्या घरचे उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे ऑलिंपिक १९५६ चे होते. त्याआधी गुडघा दुखावला आणि कुस्ती तिथेच संपली. गुडघ्याच्या आत दुर्बीण घालून अस्थिबंध जोडण्याची शस्त्रक्रिया त्या काळी नव्हती. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ लागली आहे.

इकडे खाशाबांचा गुडघा जायबंदी होत होता, त्याच सुमारास बळाचे औषध खेळाच्या मैदानात शिरत होते. १९५४ साली व्हिएन्नाच्या जागतिक वजन उचलण्याच्या स्पर्धेत अमेरिकन संघाबरोबर जॉन झिगलर नावाचे डॉक्टर होते. सोव्हिएत खेळाडूंना टेस्टोस्टेरॉन दिले जाते असे त्यांच्या कानावर आले. १९५८ साली सिबा कंपनीने मेथँडिएनोनची गोळी 'डायनाबोल' या नावाने अमेरिकेच्या बाजारात आणली. झिगलर यांनी ती पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथील वजन उचलणाऱ्या निवडक खेळाडूंना दिली. त्यांचे आकडे भराभर चढले.

पुढचा भाग प्रयोगपद्धती शिकवताना सांगण्याजोगा आहे. त्याच खेळाडूंना त्याच वेळी एक नवा व्यायामही दिला जात होता. न हलणाऱ्या दांडीवर काही सेकंद पूर्ण जोर लावायचा, एवढाच. गोळीची गोष्ट गुप्त राहिली आणि यशाचे श्रेय व्यायामाला गेले. त्या व्यायामाची उपकरणे देशभर खपली. ती घेणाऱ्यांना तसे बळ आले नाही, कारण त्यांना गोळी मिळत नव्हती. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कोणाचा हे सांगता येत नाही, हे आपण सातवीच्या वर्गात शिकवतो. झिगलर यांना पुढे आपल्या या कामाचा पश्चात्ताप झाला. खेळाडू सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या खाऊ लागले होते.

यानंतर वैज्ञानिकांकडून जे घडले ते आमच्या मते अधिक नुकसान करणारे होते. १९७७ साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या मोठ्या संस्थेने जाहीर केले, की निरोगी माणसाचे बळ या औषधांनी विशेष वाढत नाही. व्यायामशाळेतल्या प्रत्येकाला समोरच्या आरशात उलटे दिसत होते. संस्थेने १९८४ साली भूमिका बदलली, पण तोपर्यंत 'डॉक्टरांना काही कळत नाही' हे वाक्य घट्ट बसले होते. यकृताबद्दल, हृदयाबद्दल सांगितलेल्या खऱ्या धोक्यांवरही मग कुणी विश्वास ठेवेना.

नीट प्रयोग झाला तो १९९६ साली. भारतीय वंशाचे शालेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ४३ निरोगी पुरुषांचे चार गट केले. काहींना दहा आठवडे टेस्टोस्टेरॉन, उपचाराच्या नेहमीच्या मात्रेच्या सुमारे सहापट, तर काहींना नुसते तेल टोचले. प्रत्येकातील निम्म्यांनी व्यायाम केला, निम्म्यांनी नाही. व्यायाम करून नुसते तेल घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे २ किलो वाढले. काहीच व्यायाम न करता औषध घेणाऱ्यांचे ३ किलोंहून अधिक, आणि दोन्ही करणाऱ्यांचे सुमारे ६ किलो. औषध काम करते. विद्यार्थ्यांशी बोलताना सुरुवात इथूनच केली पाहिजे, कारण त्यांना हे ठाऊक असते आणि आपण नाकारले तर पुढचे ते ऐकणार नाहीत.

आता प्रश्न असा, की स्नायू वाढला तरी तो हाडाला ज्याने बांधलेला असतो त्या कंडरेचे काय? कंडरा म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या समांतर तंतूंची दोरी. टाचेच्या मागे ती बोटांनी चाचपता येते. तिच्यात पेशी थोड्या, रक्तवाहिन्याही थोड्या. तिच्यावर किती ताण येतो याचे गणित फळ्यावर करता येईल. हातात १० किलोचे वजन घेऊन कोपर काटकोनात ठेवले, तर वजन कोपरापासून सुमारे ३५ सें.मी. अंतरावर असते. दंडाच्या स्नायूची कंडरा मात्र कोपरापासून सुमारे ५ सें.मी. वर जोडलेली असते. तरफेच्या नियमाने कंडरेवर ७० किलोंच्या भाराइतका ताण येतो, शिवाय हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. दोन महिन्यांत १० चे १६ किलो झाले, तर कंडरेवरचा ताण ७० वरून ११२ होतो.

ती स्वतःला इतक्या लवकर बदलू शकते का? याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. १९५५ ते १९६३ या काळातील अणुबॉम्बच्या चाचण्यांनी वातावरणातील किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. तो वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून शरीरात गेला. त्यानंतर वातावरणातील त्याचे प्रमाण ठराविक गतीने घटत गेले, म्हणून एखादी ऊती कोणत्या वर्षी बनली हे तिच्यातील कार्बनवरून ओळखता येते. २०१३ साली काट्या हाइनमायर आणि त्यांच्या डेन्मार्कमधील सहकाऱ्यांनी टाचेच्या कंडरा या रीतीने तपासल्या. कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ बदलत नाही, असे निघाले. स्नायूतील प्रथिनांचा रोज एक-दोन टक्के भाग मोडून नवा होत असतो. कंडरेचा गाभा मात्र शाळेत असताना विणलेलाच पन्नाशीतही वापरात असतो. व्यायामाने कंडरा जाड आणि ताठ होते हे खरे, पण त्याला महिने आणि वर्षे लागतात. वस्तादाच्या संथ चढत्या बैठकांमागचे कारण ते हेच.

१९८० आणि १९९० च्या दशकांत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत ॲनाबॉलिक स्टेरॉइड दिलेल्या प्राण्यांच्या कंडरा अधिक ताठ झाल्या आणि कमी ताणल्यावर तुटू लागल्या. माणसात कंडरेची रचनाच बिघडते की केवळ स्नायू तिच्यापुढे निघून जातो, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परिणामाबद्दल मात्र फारसा वाद नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अनुभवी शरीरसौष्ठवपटूंना कंडरा तुटल्याबद्दल विचारले गेले. स्टेरॉइड घेतलेल्या ८८ जणांपैकी १९ जणांची एखादी तरी कंडरा तुटली होती, न घेतलेल्या ५४ पैकी तिघांची. दंड, छाती अशा शरीराच्या वरच्या भागातील कंडरा तुटलेले तर सगळेच्या सगळे औषध घेणाऱ्यांपैकी होते.

व्यायामशाळेत या दुखण्यावर जो उपाय चालतो तो आणखी औषधांचा. आठ-बारा आठवडे औषध घेऊन मग थांबायचे, याला ही मंडळी 'सायकल' म्हणतात. सायकल चालू असताना खांदा दुखू लागला तर थांबणे परवडत नाही, कारण पैसे आणि आठवडे वाया जातात. मग वेदनाशामक गोळ्या येतात, सांध्यात 'वंगण' होते म्हणून दुसरेच स्टेरॉइड सुचवले जाते. वेदना दबते, ताण तसाच राहतो. शिवाय तोंडाने घ्यायच्या अनेक ॲनाबॉलिक गोळ्या यकृताला अपाय करतात, आणि वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात. दोन्ही ओझी एकाच शरीरावर पडतात.

ही वाट कुठवर जाऊ शकते हे बिर्गिट ड्रेसेलच्या गोष्टीवरून कळते. पश्चिम जर्मनीची ही सप्तक्रीडापटू १९८६ च्या युरोपीय स्पर्धेत चौथी आली होती. पाठ, कंबर, गुडघे, काही ना काही सतत दुखत असे. प्रत्येक दुखण्यावर इंजेक्शने होती आणि सरावात खंड नव्हता. तिला वर्षानुवर्षे टोचलेल्या सुयांची संख्या शेकड्यांत होती, ॲनाबॉलिक स्टेरॉइडही त्यांत होते. एप्रिल १९८७ मध्ये कमरेत तीव्र कळ आली. डॉक्टरांमागून डॉक्टर आले, औषधांवर औषधे दिली गेली आणि १० एप्रिल रोजी, एकेक अवयव निकामी होत, ती वारली. वय २६. चौकशीत असे दिसले, की तिच्या शरीरात गेलेल्या वेगवेगळ्या औषधांची संख्या शंभरावर होती. कोणत्या एका औषधाने तिचा जीव गेला हे नक्की ठरले नाही. एवढ्या औषधांच्या गर्दीत ते ठरणार तरी कसे?

ऑलिंपिक समितीने ॲनाबॉलिक स्टेरॉइडवर १९७५ साली बंदी घातली आणि १९७६ च्या माँट्रियल खेळांपासून तपासणी सुरू झाली. १९८८ साली सोलला १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावलेल्या बेन जॉन्सनच्या मूत्रात स्टॅनोझोलोल सापडले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. आपल्याशी अधिक जवळचे प्रकरण २०१६ चे आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला, मुंबईत वाढलेला नरसिंग यादव रिओला निघण्याआधी तपासणीत दोषी ठरला. सापडलेले द्रव्य मेथँडिएनोन, म्हणजे झिगलर यांची तीच अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची गोळी. कोणीतरी खाण्यापिण्यात मिसळले असे त्याचे म्हणणे होते आणि राष्ट्रीय संस्थेने ते मान्यही केले. क्रीडा लवादाने मात्र १८ ऑगस्ट २०१६ रोजी चार वर्षांची बंदी घातली. मूत्रातील अवशेषांचे प्रमाण पाहता एक-दोन गोळ्या तोंडाने घेतल्या गेल्या असाव्यात, पाण्यात मिसळलेल्या भुकटीने एवढे प्रमाण येत नाही, हे तज्ज्ञांचे मत लवादाने ग्राह्य धरले. यादव आपण निर्दोष असल्याचेच सांगत राहिला. २०२३ सालच्या जागतिक आकडेवारीत, मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांमध्ये, दोषी नमुन्यांचे प्रमाण भारतात सर्वाधिक म्हणजे ३.८ टक्के होते.

ही आकडेवारी खेळाडूंची. जे कुठल्याच स्पर्धेत उतरत नाहीत त्यांना तपासायला कोणी येत नाही. बीड जिल्ह्यात कुस्तीची परंपरा मोठी. पाटोदा तालुक्यातल्या राहुल आवारेने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. पण अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरसारख्या, परळी–विकाराबाद लोहमार्गावरच्या गावात आज मुले घाम गाळतात ती बहुधा पोलीस आणि सैन्य भरतीसाठी. १६०० मीटर धावणे आणि सव्वासात किलोचा गोळा. कोरडवाहू शेती आणि ऊसतोडणी यांपलीकडे जाण्याची ती एक वाट आहे. भरतीच्या वयाची मर्यादा असते, म्हणून घाई असते. राज्यात भरतीच्या वेळी उत्तेजक इंजेक्शने सापडल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत आल्या आहेत. भूल देताना उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमीन व्यायामशाळांत विकले जाताना पोलिसांनी पकडले आहे. ते स्टेरॉइड नाही, पण थकवा दडपून हृदयाला पळवते.

अशा वेळी शिक्षकांकडे येणारा प्रश्न 'स्टेरॉइड वाईट का?' असा नसतो. 'सर, कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज आला, काय करू?' असा असतो. तेव्हा काय सांगावे? व्यायाम त्याच क्षणी थांबवायचा, हात झोळीत ठेवायचा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा, मालीश करू द्यायची नाही. दंडाचा स्नायू वर गोळा झाला असेल, कोपराच्या खोबणीत काळेनिळे झाले असेल, किल्ली फिरवल्यासारखा तळहात वर वळवण्याचा जोर गेला असेल, तर कंडरा तुटल्याची शंका धरून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचे. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तुटलेली कंडरा आकसत वर सरकते, म्हणून ती शिवायची तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. जबर व्यायामानंतर स्नायू ताठरून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. स्नायू मोडून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात अडकत असतात.

डॉक्टरांपुढे खरे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येऊ लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी वृषणांना पाठवायचा संदेश थांबवते. औषध बंद केल्यावर शरीराचे स्वतःचे उत्पादन पूर्ववत व्हायला महिने लागू शकतात. त्या काळात मूल खचते, झोप जाते, काहींच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात. आळशी झाला म्हणून त्याला रागावण्याची ती वेळ नव्हे. वाढत्या वयाच्या मुलांत आणखी एक नुकसान होते. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्यामुळे हाडांच्या टोकाजवळील वाढीच्या कूर्चा लवकर बंद होतात. उंची वाढावी म्हणून धडपडणारा मुलगा खुजा राहू शकतो, आणि भरतीत उंचीचीही अट असते.

एक गैरसमज मात्र वर्गात अवश्य दूर करावा. दम्याच्या फवाऱ्यात किंवा डॉक्टरांनी सांध्यात दिलेल्या सुईत असते तेही स्टेरॉइडच, पण ते कॉर्टिसोनच्या कुळातले. १९४९ साली संधिवाताच्या रुग्णांवरील त्याचा परिणाम जगापुढे आला आणि १९५० साली त्याला नोबेल मिळाले. चार कड्यांचा रासायनिक सांगाडा तेवढा समान. ते स्नायू वाढवीत नाही, उलट फार काळ घेतल्यास झिजवते. दम्याच्या मुलाची आई 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकून फवारा बंद करते आणि तिचाच थोरला मुलगा दंडासाठी सुई विकत आणतो, असे एकाच घरात घडू शकते. पालकसभेत या दोन औषधांची नावे फळ्यावर शेजारीशेजारी लिहून दाखवायला पाच मिनिटे पुरतात.